एकाच डबक्यात काळी, नारिंगी आणि राखाडी: तिन्ही सी स्लग एकाच जातीच्या कशा?

किनारावेडी:

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर जाते. शिकले कॉमर्स, नोकरी हिशेबाची. समुद्रातल्या जिवांबद्दल जे कळलं ते खडकांवर उकिडवं बसून आणि माहितगारांना विचारून विचारून. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या सुरू केल्या, त्यातल्याच एका फेरीत हे वेड लागलं.

परवा पौष वद्य द्वितीयेला सकाळी वांद्र्याच्या खडकांवर होते. उजाडलं तेव्हा पाणी पार मागे गेलेलं. परातीएवढ्या एका डबक्यात, दगडाच्या आडोशाला, तीन सी स्लग दिसल्या. (ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: समुद्रातली बिनशंखाची गोगलगाय.) एक कोळशासारखी काळी, अंगठ्याच्या पेराएवढी. दुसरी हापूसच्या रसाच्या रंगाची, चांगली बोटभर लांब. तिसरी राखाडी, पाठीवर शाई सांडल्यासारखे गडद डाग. तिघींचं अंग गुळगुळीत, आणि कडेला परकराच्या घोळासारख्या चुण्या.

फोटो एका जाणकारांना पाठवले. त्यांचं उत्तर: "तिन्ही डेंड्रोडोरिस फ्युमाटा असाव्यात. हिच्या रंगात फार फरक पडतो."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. फुलपाखरांत, पक्ष्यांत आपण रंगावरून तर ओळखतो. मग इथे रंगाला काहीच किंमत नाही का? इतके वेगळे रंग एकाच जातीत येतात कुठून? आणि त्यांना एकमेकींची ओळख कशी पटते?

टोळभैरव:

आमच्या घरी आम्ही तीन भाऊ. थोरला आजोबांवर गेला, सावळा. मधला आईवर, गोरापान. मी दोन्हीकडचं थोडं थोडं. लग्नाकार्यात लोक आईला विचारायचे, तिन्ही तुमचेच ना? आई म्हणायची, रंग काय बघता, नाक बघा, तिघांचं एकच आहे. तेव्हा किनारावेडीताई, तुमच्या स्लगांचं नाक कुठे असतं ते आधी शोधा :-)

अनघा_ब:

फोटो टाका ना! आणि नारिंगी बोटभर, काळी पेराएवढी म्हणताय, मग काळी ही पिल्लू असेल का? वयाप्रमाणे रंग बदलत असेल.

निनाद:

मला हे 'फार फरक पडतो' उत्तर कधीच पटत नाही. जिथे नीट तपासलेलं नसतं तिथे हे वाक्य येतं. डीएनए बघितल्याशिवाय तिन्ही एक म्हणणं म्हणजे अंदाज. समुद्री जिवांत दर वर्षी 'एकच समजत होतो, निघाल्या तीन' अशा बातम्या येतात.

मधुकाका:

टोळभैरव, गमतीत बोललात पण नेमकं बोललात. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि पहिल्या तासाला मुलांना हेच सांगायचो: रंग शेवटी बघा.

या बाईंच्या नावातच सगळी कथा आहे. लॅटिनमध्ये फ्युमाटा म्हणजे धुरकट. र्‍युपेल आणि लॉयकार्ट यांनी १८३० च्या सुमारास तांबड्या समुद्रातल्या नमुन्यावरून तिला हे नाव दिलं. पुढे केलार्ट यांनी १८५८ मध्ये सिलोनमधून एक लाल रंगाची सी स्लग वर्णन केली आणि तिला नाव दिलं रुब्रा, म्हणजे लाल. मधल्या काळात स्टिम्पसन यांनी १८५५ मध्ये आणखी एकीला नायग्रा, म्हणजे काळी, असं नाव दिलं. धुरकट, लाल, काळी. जो रंग समोर आला त्यावरून बारसं झालं. मग जसजसे किनारे धुंडाळले गेले तसतशा मधल्या छटा सापडत गेल्या आणि गोंधळ वाढला. १९९७ मध्ये ब्रोडी, विलन आणि कॉलिन्स यांनी हिंद-प्रशांत महासागरातल्या या गटाचा नीट धांडोळा घेतला, तेव्हा फ्युमाटा आणि नायग्रा या दोन जाती स्वच्छ वेगळ्या करता आल्या. लाल-नारिंगी रूपं फ्युमाटातच बसली. म्हणून तुमची हापूस रंगाची बाई नावाने 'धुरकट' आहे.

आता 'नाक'. ते या प्राण्याच्या पाठीवर असतं. मागच्या बाजूला फुलासारखा उमलणारा झुबका दिसतो ना, ते कल्ले. फ्युमाटाचे कल्ले मोजके असतात, पाच-सहा, पण मोठे, ऐसपैस पसरलेले, पार पाठीच्या कडेपर्यंत पोचणारे. नायग्राचे संख्येने जास्त, पण लहान, वाटीसारखे आवरून बसलेले. त्यामुळे किनारावेडी, फोटोत कल्ले दिसतायत का ते आधी सांगा. जाणकार कोण ते मला माहीत नाही, पण रंग बघून 'तिन्ही एकच' म्हणणं आणि रंग बघून 'तिन्ही वेगळ्या' म्हणणं, दोन्हींत चूक सारखीच आहे.

किनारावेडी:

काका, किती छान समजावलंत! फोटो बघितले. राखाडीचे कल्ले अर्धवट दिसतात. बाकी दोघींनी आत ओढून घेतले होते, तिथे नुसतं एक छिद्र दिसतंय. चूक माझीच. डबक्यावर वाकले तेव्हा माझी सावली पडली, आणि घाईत मी दगडही हलवला.

शेवंता:

काका, एक शंका. नायग्रा तरी कायम काळीच असते का? आम्हाला रत्नागिरीजवळ एक दिसली होती, काळी, पण कडेच्या आत लाल पट्टा होता. पाठीवर पांढरे ठिपकेही होते.

मधुकाका:

नाही हो, तीही पक्की नाही. तुम्ही सांगताय तशी लाल पट्ट्याची, ठिपक्यांची नायग्रा असते, नुसती काळी असते, काही लालसर तांबूसही असतात. म्हणूनच तर कल्ले मोजा म्हणतो.

दर्यासारंग:

आमचं घर समुद्राला लागून. आई-आजी कालवं काढायला खडकावर जायच्या, मीही पाठोपाठ. ही असली मऊ जनावरं लहानपणापासून बघतोय, पण खायच्या उपयोगाची नाहीत म्हणून कोणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. इतकं मात्र आठवतं, आजी म्हणायची की यांना मासाही तोंड लावत नाही. डबक्यात बोटभर मासे भरलेले असायचे आणि ही त्यांच्या मधून आरामात चाललेली असायची, कोणाची भीती नाही.

किनारावेडीताई, पाण्याची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दीड. त्यातून सहा तास मागे गेलं की साडेसातची ओहोटी. तुम्ही बरोबर वेळेवर पोचला होतात. उधाणाचं पाणी अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन दिवस जोरात असतं, तेवढंच मागेही जातं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, गेलात तर ते डबकं उघडंच पडणार नाही.

अनघा_ब:

पाऊणपटीचा नियम आमच्या अलिबागच्या काकूही वापरतात! लिहून ठेवते.

प्राची_न्यूकॅसल:

दर्यासारंग दादांच्या आजींनी जे सांगितलं त्यावर इथे ऑस्ट्रेलियात मोठं काम झालंय, म्हणून लिहितेय.

मी न्यू साउथ वेल्समध्ये राहते. जवळच पोर्ट स्टीफन्सला २०१३ पासून सी स्लगांची शिरगणती होते, साधे हौशी लोक पाणबुडीचा पोशाख घालून किंवा नुसतं मास्क लावून फोटो काढतात. मी तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा उतरले. मला जिच्यासाठी जीव टाकावासा वाटतो ती म्हणजे गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस. दुधासारखं पांढरं अंग, त्यावर कुंकवाच्या बोटांसारखे लाल ठिपके, आणि कडेने हळदीच्या रंगाची पट्टी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला देवघरातला ताम्हणातला सुपारीचा गणपतीच आठवला.

आता गंमत ऐका. ही फक्त ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सापडते. सिडनीच्या बाजूला ठिपके सुटे सुटे असतात. जसजसं उत्तरेला क्वीन्सलँडकडे जाल तसे काही ठिकाणी ठिपके एकमेकांत मिसळून मोठे लाल डाग होतात. कुठे मोठे, कुठे बारीक, कुठे दाट. पण पिवळी कड मात्र जागची हलत नाही. ठिपक्यांत इतकी मोकळीक आणि कडेत अजिबात नाही, असं का?

तर २०१७ मध्ये विंटर्स, चेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या स्लगांची नक्षी तपासली, आणि मग प्रवाळांत राहणाऱ्या ट्रिगरफिशला ही नक्षी दाखवून शिकवलं. मासा कशावरून शिकतो? तर पिवळ्या कडेवरून! लाल ठिपके असोत नसोत, लहान असोत मोठे असोत, माशाने तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणजे खाणाऱ्याची नजर कडेवर आहे. कड बदलली तर जीव जाईल, म्हणून ती बदलत नाही. ठिपके बदलले तर कोणाला फरक पडत नाही, म्हणून ते बदलत राहतात.

मला हे वाचल्यापासून प्रत्येक रंगीत प्राण्याकडे बघताना वाटतं, मला जे सगळ्यात आधी दिसतंय ते बहुधा यांच्यासाठी लिहिलेलंच नाही.

टोळभैरव:

साडी कुठलीही नेसा, काठ बदलायचा नाही!

प्राची_न्यूकॅसल:

टोळभैरव, अगदी हेच! पुढच्या शिरगणतीला नवीन लोकांना असंच सांगेन.

निनाद:

प्राची, छान माहिती. पण यात ती बेचव किंवा विषारी आहे म्हणून मासा टाळतो हे गृहीत आहे. या डेंड्रोडोरिसला कुठे काठ आहे? काळ्या-राखाडीला तर भडक रंगच नाही.

मधुकाका:

प्रश्न चांगला आहे. डेंड्रोडोरिसला रॅड्युला, म्हणजे खरवडायची जीभ, नसते. ती स्पंजावर तोंड टेकवते, पाचक रस सोडते आणि मऊ झालेलं शोषून घेते. स्वतःचं संरक्षण करणारी तिखट रसायनं तिच्या अंगात असतात. तेव्हा मासे तोंड लावत नाहीत हे आजींचं निरीक्षण बरोबर. प्राची म्हणते त्या गटात, क्रोमोडोरिसांत, तर स्पंजातली रसायनं घेऊन ती नेमकी पाठीच्या कडेत साठवलेली सापडली आहेत. मासा आधी कडेलाच तोंड लावतो, तिथेच कडू घास.

पण भडक असणं हा एकच मार्ग नाही. राखाडी डागांची फ्युमाटा चिखलट खडकावर मला स्वतःला दोनदा दिसलेली नाही, विद्यार्थ्याने बोट दाखवल्यावर दिसली. काही रूपं लपतात, काही ठळक दिसतात.

किनारावेडी:

म्हणजे नारिंगी रंग स्पंजातून आला असं समजू का? त्या दगडाखाली नारिंगी स्पंज होता, नक्की.

सॅनहोजेकर:

खाण्यातून रंग येतो याची माझ्याकडे दोन उदाहरणं. इकडे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी हेअर म्हणतात ती मोठी ॲप्लिझिया सापडते. पिल्लं लाल शेवाळावर वाढतात तेव्हा गुलाबी-लालसर दिसतात. तिला डिवचलं की जांभळी शाई सोडते. ती शाई बनते लाल शेवाळातल्या रंगद्रव्यापासून. नुसतं हिरवं शेवाळ खायला घालून ठेवलेल्या ॲप्लिझियाला जांभळी शाई बनवता येत नाही. आणि इलिसिया नावाच्या हिरव्या स्लगा शेवाळातली हरितलवकं (हरितद्रव्य असलेले पेशींतले बारीक कण) अंगात जिवंत ठेवतात, उपाशी ठेवल्या की फिक्या पडत जातात.

निनादच्या बाजूनेही एक सांगतो. हर्मिसेंडा क्रासिकॉर्निस ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सगळ्यांची लाडकी. डोक्यामागे निळ्या रेघा, मधोमध नारिंगी पट्टा, पाठीवर पिंजारलेल्या केसांसारखे शेंडे. सगळी पुस्तकं म्हणायची, रंगात फार फरक. २०१६ मध्ये लिंडसी आणि वाल्देस यांनी जनुकं तपासली तर निघाल्या तीन जाती. एक अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतची, एक दक्षिणेकडची ओपालेसेन्स, आणि एक जपानकडची. उत्तरेकडचीच्या शेंड्यांवर उभी पांढरी रेघ असते, दक्षिणेकडचीच्या नसते. ती रेघ दीडशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

माझ्याकडे जुने फोटो होते. मॉस बीचला खडकांत काढलेले आणि सिॲटलला बहिणीकडे गेलो तेव्हाचे. दोन्ही मी एकाच नावाखाली ठेवले होते. रात्री उठून बघितलं. सिॲटलवालीला रेघ आहे, मॉस बीचवालीला नाही.

निनाद:

तेच तर मी म्हणतोय! धन्यवाद.

अनघा_ब:

पण निनाद, उलटंही झालंय ना, काकांनी सांगितलं तसं? लाल वेगळी समजली होती, ती धुरकटच निघाली. दोन्हीकडे चूक होते. तू एकाच बाजूची उदाहरणं मोजतोयस.

निनाद:

मान्य. माझं म्हणणं थोडं सुधारतो: 'फार फरक पडतो' हे उत्तर नको, 'कशात फरक पडतो आणि कशात पडत नाही' हे सांगा.

मधुकाका:

निनाद, हे वाक्य मी वर्गात वापरलं असतं.

आता किनारावेडीच्या स्पंजाबद्दल. मोह होतो, पण घाई नको. तुम्हीच सांगितलंत की तिघी एकाच डबक्यात होत्या. एकच स्पंज, एकच पाणी, तरी रंग तीन. म्हणजे निव्वळ खाण्यावर बोट ठेवता येणार नाही. वय असेल, जन्मतः असेल, आधी दुसरं काही खाल्लं असेल. एका सकाळच्या भेटीत हे कळत नाही. तीच स्लग महिनाभर बघितली तर काहीतरी सांगता येईल.

ओळख कशी पटते, हा तुमचा प्रश्न मागे राहिला. यांचे डोळे म्हणजे कातडीखाली बसलेले दोन बारीक टिंब. उजेड-अंधार कळतो, नक्षी दिसत नाही. शेजारणीचा रंग काळा की नारिंगी, हे तिला कधीच समजत नाही. डोक्यावरची दोन शिंगं म्हणजे ऱ्हायनोफोर, त्यांनी पाण्यातला वास टिपतात, आणि चालताना मागे राहिलेल्या चिकट मागावरून एकमेकींपर्यंत पोचतात. प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे भेटली ती जोडीदार चालते. सगळे रंग दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी आहेत.

शेवंता:

हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. इतकं सुंदर आणि स्वतःला दिसतच नाही.

दर्यासारंग:

काका, एक विचारायचं होतं. जुन्या लोकांनी यांची नावं कशी ठेवली, रंग बघून की काय? म्हणजे मेल्यावर तर याचा नुसता गोळा होतो. मी एकदा बरणीत घालून शाळेत नेली होती, दुपारपर्यंत सगळा रंग गेला आणि बाईंना दाखवायला काही उरलं नाही. फार वाईट वाटलं होतं.

मधुकाका:

तुमच्या बरणीत जे झालं तेच जगभरातल्या संग्रहालयांत झालं आहे. स्पिरिटमध्ये यांचा रंग टिकत नाही. कपाटातली बरणी उघडली तर आत पांढुरकं काहीतरी. म्हणून ज्यांनी जिवंत असताना चित्रं काढून घेतली त्यांचे उपकार. मद्रास इलाख्यातले अधिकारी वॉल्टर इलियट यांनी विशाखापट्टणमजवळ वाल्टेरला हे प्राणी गोळा केले आणि जिवंत प्राण्यांवरून रंगीत चित्रं काढून घेतली. त्या चित्रांच्या आणि नमुन्यांच्या आधारे ऑल्डर आणि हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये लंडनमध्ये वर्णनं छापली. दोघे संशोधक इंग्लंडात, प्राणी आंध्रच्या किनाऱ्यावर, आणि मध्ये दुवा म्हणून चित्रं.

पण एक प्राणी, एक चित्र. शेजारच्या डबक्यात तोच वेगळ्या रंगात असेल हे चित्रात कुठून येणार? आज मोबाइलमुळे जे शक्य झालं ते हे आहे. एका जातीचे शंभर फोटो, शंभर डबक्यांतले. ज्यांना वाटतं की हौशी लोकांच्या फोटोंनी काय होणार, त्यांना हे सांगा. ऑस्ट्रेलियन म्युझियमचे बिल रडमन यांनी १९९८ ते २०१० सी स्लग फोरम चालवला, लोक जगभरातून फोटो पाठवायचे आणि ते उत्तर द्यायचे. कुठल्या जातीत रंगाचा पसारा किती, हे समजायला त्या फोटोंचा फार उपयोग झाला.

आणि मुंबईकरांनो, तुमच्या शहराच्या नावाची एक आहे. १९४६ मध्ये विंकवर्थ यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरून ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना वर्णन केली. आज तिचं नाव गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. प्राचीच्या लाल ठिपक्यांवालीची जवळची नातलग.

किनारावेडी:

काका!! आमच्या शहराच्या नावाची आहे हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

प्राची_न्यूकॅसल:

मलाही नव्हतं माहीत. इतकी वर्षं इथली शिरगणती करतेय आणि माहेरच्या शहराची बहीण ठाऊक नाही. पुढच्या वेळी आले की पहिली द्वितीया वांद्र्याला.

शेवंता:

थोडं विषय सोडून, पण लिहायलाच हवं. फोटोसाठी स्लग हातावर घेऊ नका. मी सुरुवातीला घ्यायचे. एकदा मालवणला अशीच एक तळव्यावर घेऊन चार-पाच फोटो काढले, परत सोडली तेव्हा ती उलटी पडून राहिली, शेवटपर्यंत पाय टेकला नाही. मी अर्धा तास तिथे बसून होते, पाणी आलं आणि ती वाहून गेली. तेव्हापासून हात लावत नाही. दगड उचललाच तर जसा होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा. खालची बाजू वर राहिली तर खाली चिकटलेलं सगळं उन्हात मरतं, त्यात तिचा स्पंजही आला.

किनारावेडी:

शेवंताताई, वाचून पोटात कालवलं. मी त्या दिवशी दगड हलवला होता. परत ठेवला, पण नीट ठेवला का, आठवत नाही. पुढच्या वेळी आधी ते बघेन.

(पंधरा दिवसांनंतर)

किनारावेडी:

धागा वर आणतेय. आज माघ शुद्ध द्वितीया. पाऊणपटीच्या हिशेबाने साडेसातची ओहोटी, मी सव्वासहाला, अंधारातच पोचले. तेच डबकं सापडायला वीस मिनिटं गेली. दगड नीट बसलेला होता, खालचा नारिंगी स्पंज ओला आणि जागेवर.

यावेळी काही हलवलं नाही. पूर्वेकडे तोंड करून बसले म्हणजे सावली मागे पडेल. राखाडी दिसली नाही. नारिंगी मात्र होती, दगडाच्या पोटाला चिकटून, कल्ले मिटलेले. शेजारच्या भेगेत एक काळी. ती पंधरा दिवसांपूर्वीचीच का, मला सांगता येणार नाही. मोबाइल पाण्यावर आडवा धरून वाट बघत बसले. हात भरून आला. जवळजवळ दहा मिनिटांनी नारिंगीच्या पाठीवरचं छिद्र थोडं रुंद झालं, आतून एक टोक बाहेर आलं, मग दुसरं, आणि बघता बघता तो झुबका उघडत गेला, ओल्या कागदाची घडी पाण्यात सुटावी तसा. मोठ्या मोठ्या फांद्या, पाठीच्या कडेपर्यंत टेकलेल्या. मोजल्या. सहा.

मग काळी. तिने आणखी वेळ लावला. पाणी परत यायला लागलं होतं, बूट भिजले. उघडली तेव्हा इतकुसा झुबका, दाट, वाटीसारखा. घरी येऊन फोटो मोठा करून मोजला. स्पष्ट दिसणाऱ्या अकरा, मागे आणखी एखादी असेल.

जुन्या फोटोतली राखाडी पुन्हा बघितली. अर्धवट दिसणारे कल्ले रुंद आणि मोजके आहेत.

काका, म्हणजे नारिंगी आणि राखाडी एकाच जातीच्या, आणि काळी नायग्रा. बरोबर ना? ज्या दोघी एकमेकींसारख्या अजिबात दिसत नव्हत्या त्या बहिणी.

मधुकाका:

आजच्या काळीपुरतं उत्तर पक्कं: नायग्रा. नारिंगीही पक्की, फ्युमाटा. राखाडी बहुधा फ्युमाटाच, पण अर्धवट फोटो आहे, वहीत 'बहुधा' लिहा. आणि पंधरा दिवसांपूर्वीच्या काळीपुढे प्रश्नचिन्ह, तिचे कल्ले तुम्ही पाहिलेले नाहीत.

बूट भिजेपर्यंत थांबलात, त्याबद्दल शाबास.

निनाद:

अकरा आणि सहा. हे उत्तर मला पटलं. फोटो तारीख आणि जागेसह कुठेतरी चढवून ठेवा, पुढे कोणी तपासेल.

टोळभैरव:

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी सांगितलं होतं, नाक बघा.

दर्यासारंग:

ताई, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला आमच्याकडे या. खडक मी दाखवतो, कल्ले तुम्ही मोजा. आई म्हणतेय, जेवूनच जायचं.

किनारावेडी:

नक्की येते. काकूंना सांगा, वही घेऊन येतेय, आणि राखाडी शोधायची आहे.